जमावाला सही नसते

सातारा-सांगलीकडच्या माणसाचा संताप अनावर झाला, की त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येते. विहिरीवरची मोटार आणि केबल कुणी रातोरात उचलून नेली, तासगावकडच्या बागायतदाराचे द्राक्षांचे पैसे बुडवून व्यापारी परागंदा झाला, एस. टी. स्टँडवर एखाद्या म्हातारीच्या गळ्यातली बोरमाळ हिसकली गेली, की पारावर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतेच, ‘‘ह्यांना पत्रीच मारली पाहिजे. पत्री सरकार परत आलं पाहिजे बघा.’’ बाकीचे माना डोलावतात. चहा येतो. विषय पुढे सरकतो.

हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पत्री सरकार पाहिलेले नसते. ज्यांनी पाहिले, त्यांची पिढी जवळजवळ संपली. वाक्य मात्र वडिलोपार्जित जमिनीसारखे वारसाने चालत आले आहे आणि सातबारावर काय लिहिले आहे हे न बघताच आपण ते कसतो आहोत. माझी तीसहून अधिक वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली. रिकामा वेळ कादंबऱ्या लिहिण्यात गेला. दोन्ही धंद्यांनी एक सवय लावली. कोणताही जुना कागद हाती आला, की आधी तो पुरता वाचायचा. आज हे एक वाक्य तसे वाचून पाहावे म्हणतो. कारण अलीकडच्या काही वर्षांत आपल्या महाराष्ट्रात जमावाने माणसे मारली आहेत आणि मारणाऱ्यांना आपण न्यायच करतो आहोत असे वाटत होते.

पत्री म्हणजे काय?

‘पत्री’ हा शब्द गोठ्यातला. खडकाळ वाटेने गाडी ओढणाऱ्या बैलाच्या खुरांना लोखंडी पट्टी ठोकतात, ती पत्री. १९४२ च्या ‘चले जाव’ नंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. तो जिल्हा पुढे १९४९ साली उत्तर आणि दक्षिण असा विभागला गेला आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. म्हणून हा वारसा आज दोन्ही जिल्हे सांगतात. ‘प्रति’चे ‘पत्री’ लोकांच्या जिभेने केले. फितुराला, खबऱ्याला, गावगुंडाला पकडून तळपायांवर काठीचे फटके द्यायचे, ही त्या सरकारची गाजलेली शिक्षा. बैलासारखी लोखंडी पत्री खरोखर ठोकली की ती नुसती दहशतीसाठी पसरलेली आख्यायिका, यावर जुनी माणसे वाद घालीत. फटक्यांबद्दल मात्र कुणाचे दुमत नसे.

हे सरकार उभे का राहिले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळ्या चालल्या. पोलीस राजकीय कार्यकर्त्यांच्या मागावर लागले आणि दरोडेखोरांना रान मोकळे मिळाले. काही महाभाग तर भूमिगतांचेच नाव सांगून घरे लुटू लागले. तेव्हा लोकांच्या जिवाची आणि चीजवस्तूची राखण करणे हे भूमिगतांचेच काम होऊन बसले. १९४३ ते १९४६ या काळात कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर अशी माणसे या कामात होती. न्यायदान मंडळे होती, तुफान सेना होती, दारूबंदी होती, सावकारीला आळा होता, थोडक्या खर्चातली लग्ने होती. नाना पाटील स्वतः एके काळी तलाठी होते. गावाची दप्तरे त्यांनी लिहिलेली होती. नोंद म्हणजे काय आणि साक्ष म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

पारावरच्या वाक्यातून नेमका हा सगळा भाग गळून पडला आहे. उरले ते फक्त फटके.

दर महिन्याला येणारे आबा

ऐंशीच्या दशकात मी वाळवा तालुक्यातल्या एका शाखेत नवखा अधिकारी होतो. स्वातंत्र्यसैनिकांची सन्मान पेन्शन आमच्या शाखेतून जाई. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धोतर, कोट आणि पांढरी टोपी घातलेली माणसे बाकावर येऊन बसत. त्यातले एक आबा सही करायला फार वेळ लावीत. अक्षर अन् अक्षर कोरून काढीत. गर्दी नसली, की मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवून घेई.

एकदा मी त्यांना पत्रीबद्दल विचारले. ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘सायेब, फटकं मारायला काय लागतंय? दोन दांडगी पोरं आन् एक काठी. इचारणं अवघड व्हतं. रातीच्याला मळ्यात बसायचं. समोर त्यो, हिकडं तक्रार करनारा, आन् चार गावची माणसं. पयला सवाल एकच. तू सोता बघितलंस का? निम्मं तितंच गळायचं.’’

एकाने सख्ख्या चुलतभावावर खबरेगिरीचा आळ घेतला होता. ‘तू स्वतः बघितलंस का’ म्हटल्यावर तो अडखळला, आणि खोदून विचारता प्रकरण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवर येऊन थांबले. त्या रात्री फटके कुणालाच बसले नाहीत. भांडण मिटवून दोघांना घरी पाठवले.

‘‘आणि कधी चुकलं नाही?’’ मी विचारले.

‘‘चुकलं की. एकाला मारला. मागनं कळलं, त्यो खबऱ्या नव्हता.’’ आबा टोपी काढून गुडघ्यावर ठेवीत म्हणाले, ‘‘सवराज्य झाल्यावर त्यो माज्या दारात आला. आमची नावं त्याला ठावं व्हती नव्हं. म्हनला, आता सांग, का मारलंस?’’

‘‘मग तुम्ही काय सांगितलंत?’’

‘‘काय सांगनार? खाली बसलो त्याच्या म्होरं.’’

प्रतिसरकारचा हा काही सरकारी इतिहास नव्हे, एका म्हाताऱ्या माणसाची आठवण आहे. त्या सरकारच्या नावावर खाजगी वैरे भागवली गेल्याच्या तक्रारी तेव्हाही होत्या. गांधीजी १९४४ च्या जुलैमध्ये पाचगणीत होते. भूमिगतांनी आता उघड व्हावे, असा सल्ला त्यांनी तेव्हा दिला. साताऱ्याच्या बहुतेक भूमिगतांनी तो मानला नाही. तो वाद आज मिटवण्याचे कारण नाही. पण आबांच्या बोलण्यातले एक कलम मला फार मोलाचे वाटते. ज्याला मारले, तो पुढे जाब विचारायला येऊ शकला, कारण कुणाच्या दारात जायचे हे त्याला माहीत होते.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. व्हाउचरवर सही लागते. नव्या कारकुनाला हा आपल्यावरचा अविश्वास वाटतो. काही वर्षे गेल्यावर त्याला समजते, की उद्या रक्कम चुकली तर विचारायला एक माणूस असावा, यासाठी ती सही असते. न्यायाधीश निकालपत्राखाली सही करतो तीही त्याचसाठी. त्या सहीवर अपील करता येते. जमावाच्या निकालाखाली सहीच नसते, मग अपील कुणाकडे करणार?

वावटळ

याच मातीने सहीवाचूनचा न्याय पाहिला आहे, आणि त्याबद्दल मात्र आपण पारावर बोलत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी कोण, कुठला, कुठल्या जातीचा हे रेडिओने आणि वर्तमानपत्रांनी सांगितले, आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूत ब्राह्मणांची घरे पेटली. दुकाने, कारखाने जळाले, माणसेही मेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जळाला. ज्यांची घरे जळाली त्यांनी दिल्ली पाहिलेली नव्हती. गुन्हेगार सापडलेला होता, कैदेत होता, त्याच्यावर खटला चालायचा होता. तरी जमावाला शिक्षा देण्यासाठी हाताशी कोणीतरी हवे होते.

माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ या छोट्या कादंबरीत ते दिवस धरून ठेवले आहेत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. जाळायला येणारी माणसे परकी नसतात, ओळखीची असतात, हे त्या काळातून गेलेल्या कित्येकांनी सांगितले आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला धान्याच्या कणगीआड लपवल्याच्या हकिकतीही आपल्याकडे घरोघर सांगतात. वाचवणाऱ्याचे नाव तिसऱ्या पिढीलाही पाठ असते. पण ‘घर कुणी जाळलं?’ असे विचारले, की उत्तर येते, ‘‘लोकांनी.’’ हे ‘लोक’ कुठल्याच मतदार यादीत सापडत नाहीत.

चोर सोडून संन्याशाला

आता अलीकडे येऊ. १३ सप्टेंबर २०२२. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातले, कर्नाटकच्या हद्दीजवळचे लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला मोटारीने निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही आवई तेव्हा घरोघरच्या मोबाइलवर पोहोचलेली होती. बघता बघता माणसे जमली, साधूंना गाडीबाहेर ओढले आणि काठ्या, पट्टे यांनी मारले. सुदैवाने चौघांचे प्राण वाचले. साधूंनी तक्रार दिली नाही. मारहाणीची दृश्ये मोबाइलवरून पसरली आणि पोलिसांनी स्वतः होऊन गुन्हा नोंदवून अटका केल्या. विठोबाच्या वाटेवर निघालेल्याला रस्ता दाखवणे हे आपल्याकडे पुण्याचे काम. त्याच वाटेवर हे घडले.

लवंग्याचे साधू वाचले. त्याआधी चार वर्षे, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जण वाचले नाहीत. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, त्यातले बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले. मंगळवेढे म्हणजे आपल्या जतला लागूनच. रविवारचा बाजार भरला होता. यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणून संशय आला. मारता मारता त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथेच जीव जाईपर्यंत मारले. ज्या खोलीत गावाने बसून विचार करायचा, त्याच खोलीत हे झाले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्याच्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक असेच गेले. ते सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. पोलीस तिथे हजर होते आणि जमाव पोलिसांनाही जुमानत नव्हता.

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही आपली म्हण. म्हणी रचणाऱ्यांना एवढ्या शब्दशः अर्थाची कल्पना नसावी.

अफवेचा दोष आपण मोबाइलला देतो. २०१८ च्या जुलैमध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलण्यावर मर्यादा घातली, ती याच हत्यांच्या मालिकेमुळे. पण १९४८ साली मोबाइल नव्हता. अफवेला फक्त तयार रान लागते. आणि ते रान आपण कुणाबद्दल तयार ठेवतो, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला येणाऱ्या मुलाच्याही कपाळी ‘गुन्हेगार’ असे लिहून ठेवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, कपाळावरचा शिक्का मात्र राहिला. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ आपण अभिमानाने वाचतो. भुकेल्या माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा तो मांग समाजातला वीर. कादंबरीतल्या फकिराला आपण डोक्यावर घेतो. पण गावाबाहेर पारध्याची पाल पडली, की रात्री दाराला दोन कड्या लावतो. उद्या गावात चोरी झाली तर पहिली धाव कुणाच्या पालाकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि तो खरोखरच गुन्हेगार असेल तर?

इथे वाचक मला अडवतील, आणि अडवलेच पाहिजे. निरपराध मेला हे वाईट, कबूल. पण मारला गेलेला खरोखरच नराधम असेल तर?

नागपूरच्या कस्तुरबानगरचे प्रकरण तसे होते. अक्कू यादव नावाच्या गुंडाने त्या वस्तीला वर्षानुवर्षे छळले. खून, खंडण्या, बायकांवर अत्याचार. स्त्रिया पोलिसांकडे जात आणि त्यांच्या तक्रारीची खबर त्यालाच आधी लागे, असे वस्तीचे म्हणणे होते. अखेर वस्ती उठली, त्याचे घर पाडले गेले, तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला नागपूरच्या न्यायालयात आणले, तेव्हा तो जामिनावर सुटून पुन्हा वस्तीत येणार, या भीतीने आणि संतापाने स्त्रियांचा जमाव न्यायालयाच्या दालनातच त्याच्यावर तुटून पडला. तिखटपूड, दगड, सुऱ्या. तो जागीच ठार झाला. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

त्या बायाबापड्यांना दोष देण्याची माझी शामत नाही. त्यांच्या जागी माझी लेक असती, तर मी इथे बसून शहाणपण शिकवले नसते. ज्या राज्यात पोलीस ठाण्याची पायरी चढून उपयोग होत नाही, तिथे लोक कायदा हातात घेतात, हे १९४३ च्या साताऱ्यातही खरे होते आणि २००४ च्या नागपुरातही. देशातल्या न्यायालयांत पाच कोटींच्या घरात खटले पडून आहेत. ज्याला आज न्याय हवा, त्याला हा आकडा ऐकवून भागत नाही.

पण त्या दुपारी आणखी कोण कोण सुटले, हे बघा. एवढी वर्षे अक्कूला कुणी पाठीशी घातले? कोणत्या हवालदाराने, कोणत्या अधिकाऱ्याने तक्रारी दडपल्या? त्याच्या पैशातला वाटा कुणाकडे जात होता? हे प्रश्न ज्या खटल्यात उलटतपासणीला आले असते, तो खटला त्याच्याबरोबरच संपला. मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही, फाइल बंद होते. कस्तुरबानगरच्या एका शत्रूचा नाश झाला, आणि त्याला जोपासणारे हात धुऊन घरी गेले.

जमावाच्या न्यायाचा हिशेब मी खतावणीच्या दोन बाजूंसारखा मांडून पाहतो. एका बाजूला एकाला शिक्षा. दुसऱ्या बाजूला बाकी साऱ्यांना माफी. झोपलेल्या पोलिसाला माफी, हप्ता खाणाऱ्याला माफी, अफवा सोडणाऱ्याला माफी, आणि पहिला दगड मारणाऱ्यालाही माफी, कारण त्याच्यामागे आणखी शंभर उभे होते. अशी खतावणी कुठलाही तपासनीस एका मिनिटात फेकून देईल.

केडंब्याचा माणूस

साताऱ्याने याच्या उलट उदाहरणही घालून दिले आहे. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी लोळवले. डोळ्यांदेखत आपला माणूस पडलेला, शहरात माणसे मरत होती. तिथेच त्याचा निकाल लावला असता, तर देशातल्या एकाही माणसाने नाव ठेवले नसते. त्यांनी त्याला जिवंत ठेवले.

म्हणून पुढचे सगळे झाले. त्याचा जबाब झाला. तो कुठून आला, कुणी शिकवले, बोटीने कसा आला, टेलिफोनवरून हुकूम कोण देत होते, हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले. त्याला वकील दिला गेला, तेव्हा अनेकांनी कपाळाला आठ्या घातल्या. विशेष न्यायालयाने ६ मे २०१० रोजी फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. चार वर्षे लागली. पण त्या निकालाच्या प्रत्येक पानाखाली सही आहे. ओंबळ्यांना अशोकचक्र मिळाले ते असीम धैर्यासाठी. त्या धैर्याची खरी कमाई म्हणजे हा खटला, असे मला वाटते.

चॅनल गेट

कायदा जमावाला सही करायला लावू पाहतो. बेकायदा जमावाने समान उद्देशाने गुन्हा केला, तर त्यात सामील असलेला प्रत्येक जण दोषी, असे जुन्या दंडसंहितेचे कलम १४९ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १९० झाले आहे. ‘मी फक्त धरलं होतं’ ही सबब तिथे सहजी चालत नाही. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. नव्या संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. चोर किंवा मुले पळवणारा समजून मारले, हे कारण त्या यादीत नावानिशी नाही. हा कच्चा दुवा आहे आणि तो कायदेमंडळाने पाहावा.

पण अधीक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी असतो आणि जमाव गावात पाच मिनिटांत जमतो. मधल्या वेळात काय?

माझ्या नोकरीतला एक बाजारचा दिवस सांगतो. शाखेत पीककर्ज वाटप चालू होते. एका म्हातारीच्या पिशवीतले पैसे गेले. तिने हंबरडा फोडला आणि रांगेजवळ घुटमळणारा एक पोरगा लोकांच्या हाती लागला. पायात चप्पल नाही, अंगावर फाटका सदरा. त्याच्यावर हात पडायला लागले. बँकेचा रखवालदार निवृत्त फौजी होता. त्याने पोराला बखोटीला धरून आत ओढले, चॅनल गेट ओढून कुलूप घातले आणि बंदूक हातात असूनही ती न उचलता जाळीमागून मोठ्याने विचारले, ‘‘पैसे घेताना ह्याला कुणी बघितलं? त्यानं पुढं यावं. नाव सांगावं. मी लिहून घेतो.’’ आणि खरोखरच त्याने आवक-जावक रजिस्टर उघडून पेन काढले.

कुणीही पुढे आले नाही. गर्दी हळूहळू पांगली. पोलीस आले आणि पोराला घेऊन गेले. त्याच्या अंगावर पैसे मिळाले नव्हते. पैसे त्यानेच घेऊन कुणाकडे दिले होते की नव्हते, हे मला आजतागायत कळलेले नाही. तो निरपराध होता म्हणून मी ही गोष्ट सांगत नाही. चोर असला तरी तो जिवंत राहिला, आणि काउंटरवर रोजचे उठणे-बसणे असलेल्या त्या चाळीस-पन्नास माणसांपैकी एकाच्याही हाताला खून लागला नाही. म्हातारीच्या पैशाचे दुःख खरेच होते. पोराला मारून ते भरून आले नसते.

गावोगाव पोलीस पाटील आहेत. ११२ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनवरून लागतो. शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, माजी सैनिकांना तर आपल्या जिल्ह्यांत तोटा नाही. एक दार लावून घेणारा आणि एक फोन करणारा, एवढी दोन माणसे पुष्कळदा पुरतात. ज्यांच्या हाती मोबाइल आहे त्यांनी मारहाणीचे चित्रण करण्याआधी तो फोन लावावा; आणि मुले पळवणाऱ्यांचा निरोप आला, तर तो पुढे ढकलण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

मुलाबाळांशीही घरात हे बोलले पाहिजे. अनोळखी माणसाने रस्ता विचारला तर दूर उभे राहून रस्ता सांगावा, त्याच्याबरोबर जाऊ नये आणि घरी येऊन सांगावे, एवढे आपण त्यांना शिकवतो. हेही शिकवावे, की कुणाला मारणे चालू असेल तर त्या गर्दीत शिरायचे नाही, धावत जाऊन मोठ्या माणसाला बोलवायचे. राईनपाड्याच्या बाजारातही मुले होती. त्यांनी त्या रविवारी मोठ्यांकडून काय शिकून घेतले असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते.

राहिले ते पारावरचे वाक्य. पत्री सरकार परत आलं पाहिजे. ठीक आहे. मग ते पुरते आणू या. रात्रभर बसून दोन्ही बाजू ऐकणारी माणसे आणू या. चुकले तर ज्यांच्या दारात जाऊन जाब विचारता येईल, अशी नावे आणू या. आज त्या कामासाठी न्यायालय आहे, त्याला वेळेवर निकाल द्यायला लावू या. पोलीस ठाणे आहे, त्याला तक्रार नोंदवायला लावू या. हे फटक्यांपेक्षा कष्टाचे आहे आणि त्यात टाळ्या मिळत नाहीत. आणि पुढच्या वेळी बाजारात, स्टँडवर, आपल्याच गल्लीत ‘धरा, मारा’ असा ओरडा ऐकू आला, तर गर्दीतल्या एकाने तरी आबांच्या न्यायदान मंडळातला तो पहिला प्रश्न मोठ्याने विचारावा: तू स्वतः बघितलंस का?